दादाचं विमान सापडलं

प्रिय पाणकोंबडे,

तुझ्या आईला वाटतंय मी झोपलेय. कसली झोपतेय! खुर्चीत डोळे मिटले की मी थेट तुझ्याबरोबर समुद्राच्या तळाशी. अक्षर वाकडंतिकडं आहे ते चालवून घे, चौथीच्या पुढे मला कोणी शाळेत पाठवलं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण मध्येच तुझी आई बोलते.

तू पाठवलेला व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की फोन गरम झाला. काय गं ते हिरवं हिरवं, सगळं जग बाटलीत शिरल्यासारखं! तू हात फिरवलास, गाळ पिठासारखा उडाला, आणि हळूच एक पंख दिसला. विमानाच्या नाकावरच्या पंख्याची पाती तर कोमेजलेल्या फुलासारखी मागे वळलीत. आणि तो जाडा मासा, माझ्या दादाच्या खुर्चीत मालकासारखा! मी म्हटलंसुद्धा, ऊठ मेल्या, ती जागा आमची आहे. तुझी आई म्हणाली, आई, त्याला ऐकू येत नाही. मी म्हटलं, तुझा सख्खा मामा आहे तिथे, तूही दोन शब्द सुनाव की.

लढाई संपल्यावर लोकांची पोरं परत आली, नाहीतर बातमी तरी आली. आमच्याकडे दोन्ही नाही. आई-बाबा वाट बघत गेले. आणि आता माझी नात त्याला शोधून काढते! शिंप्याला, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगत सुटलेय. दाताचा डॉक्टर म्हणाला, आजी, आधी तोंड उघडा. म्हटलं, ते मिटतंय कुठे!

आता तुझा प्रश्न. खुर्चीपाशी गाळात त्याचं जे काही उरलंय त्यासकट विमान वर काढायचं, की राहू द्यायचं, हे म्हणे घरच्यांनी ठरवायचं. घरची म्हणजे मीच उरले. सगळे म्हणतात, राहू दे. तुझी आई म्हणते, मामाला किती शांत जागा मिळालीये, मासे येतात-जातात. मलाही ते पटत आलं होतं. काल दुपारी डोळे मिटले तर मी तरंगत विमानात शिरले. पांढरे केस वर उडताहेत, गुडघे अजिबात दुखत नाहीत, आणि दादा पाठमोरा बसलाय. हाक मारली तर वळला. तसाच होता गं, विशीतला. पण तोंड रडवेलं.

तेव्हा मला उमगलं. दादा पाण्याला घाबरायचा. हे फक्त मला ठाऊक होतं. नदीवर गेलो की मी गुडघाभर पाण्यात आणि तो बूट घालून काठावर. लोक म्हणायचे, बहिणीला किती सांभाळतो! खरं तर बोट मी त्याचं धरलेलं असायचं. जहाजावर पाठवतील या भीतीने तर त्याने विमान पत्करलं. काढ त्याला वर. मीठ निघावं म्हणून विमान पुढे दोन वर्षं गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवावं लागतं, म्हणालीस ना? विमान ठेव खुशाल. दादाला नाही. त्याला लगेच कोरडं करायचं आणि उन्हातून माझ्याकडे आणायचं. आणि हो, हात लावण्याआधी त्याला सांग, धाकटीने पाठवलंय, आता घाबरायचं नाही.

तुझीच,
टॉवेल घेऊन उभी असलेली
आजी