बाबांची वीत आणि गेरूची रेघ

प्रिय बाबा,

उद्या सकाळी अकराला कोंढ्याचे नवरा-बायको आपलं कारध्याचं घर पक्कं करायला येणार आहेत. आणि मी इथे ओसरीवर रंगाच्या रिकाम्या बादलीवर पाट ठेवून तुम्हाला पत्र लिहीत बसले आहे. तुम्ही असताना दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा कधी लिहिली नाही मी. आता लिहायला बसले, कारण सकाळी आईनं फोनवर एक गोष्ट सांगितली आणि ती तुम्हाला विचारल्याशिवाय राहवत नाही. शिलाईची मापं सोडून मी कधी काही लिहीत नाही, सांभाळून घ्या!

घर विकतोय म्हणून रागावू नका. आई आता माझ्याकडे भंडाऱ्याला आहे, दुसऱ्या मजल्यावर. तिचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. एक-एक पायरी चढताना ती कठडा धरून थांबते आणि मी मागून येतेय का, हे बघण्याचं नाटक करते. हे घर विकलं तर तिच्यासाठी तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर बघायचं, असं राजूचं आणि माझं ठरलं. राजू पुण्याहून फोन करतो, इथली धावपळ माझ्या वाट्याला. लहान भाऊ आहे, पण हुकूम सोडायला मोठा.

पाहायला आलेल्या पहिल्या दोघांनी स्वयंपाकघरातली तुमची गेरूची रेघ बघितली आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. मला तुमचा राग आला, खरंच सांगते. काय गरज होती ती रेघ दर दिवाळीला नव्यानं ओढायची? लोक दाराला तोरण लावतात, आणि आपल्याकडे तुम्ही चुना वाळला की वाटीत गेरू कालवून पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर रंगवायचात. मी दोन वर्षांची होते तेव्हाचा तो पूर. मला त्यातलं काहीच आठवत नाही, पण ती रेघ माझ्यापेक्षा आधी घरातली वाटायची.

आणि तुमची ती बटनं! सगळ्या गावात वायरिंग करणारा माणूस, दुसऱ्यांच्या घरी हाताशी बटन बसवणारा, आणि स्वतःच्या घरी रेघेच्या वर एक वीत सोडून बोर्ड. पाहुणे आले की भिंतीवर चाचपडायचे. शेजारचे तर आपल्या घराला उंटाचं घर म्हणायचे. तुम्ही हसायचात आणि विषय बदलायचात. मला वाटायचं, तुम्हाला पुराची धास्ती बसली आहे, एवढंच.

एकदा मी बटनापर्यंत हात पोचेना म्हणून स्वयंपाकघरात लोळण घेऊन रडले होते. चार वर्षांची असेन. तुम्ही बाहेरून आलात, माझा ओला हात तुमच्या सदऱ्याला पुसलात, मला उचललंत आणि माझ्याच बोटानं दिवा लावलात. मग विझवलात. मग पुन्हा लावलात. किती वेळा ते आठवत नाही. मात्र हात पुसल्याशिवाय एकदाही नाही.

अलीकडचा मोठा पूर मला नीट आठवतो. मी भंडाऱ्याच्या बाजूला, तुम्ही आणि आई या बाजूला, मध्ये पूल बंद. वैनगंगा इतकी पसरली होती की गाव कुठे संपतं ते कळेना. मी फोनवर तुमच्यावर ओरडले, वेळेवर निघाला का नाहीत म्हणून. तुम्ही माळ्यावर बसला होतात आणि म्हणालात, आई स्टोव्हवर चहा करते आहे. पाणी रेघेच्या वर चार बोटं चढलं आणि बटनांच्या खाली थांबलं. बोर्ड कोरडे राहिले. पुढच्या चुन्याला तुम्ही रेघही चार बोटं वर सरकवलीत आणि सगळे बोर्ड पुन्हा उपटून तितकेच वर घेतलेत. त्या वयात, शिडीवर चढून! मी त्यावरही बोलले होते. तुमच्याशी शेवटी शेवटी मी बोलत कमी आणि रागावत जास्त होते, हे आता कळतं.

तर मी काय केलं ते ऐका.

घर नीटनेटकं करून विकायचं ठरल्यावर छपरावरच्या कवेलूंच्या जागी टिनाचं छत टाकलं, फरशी बसवली, मोरीला दार लावलं. इलेक्ट्रिशियन आला, शहापूरचा आहे, हात चांगला आहे त्याचा. पहिल्याच दिवशी मान वर करून म्हणाला, "ताई, हे बोर्ड इतके वर काहून लावले जी? गिऱ्हाईक आलं का पहिले हेच इचारन." मी म्हणाले, खाली घ्या. बाबा, एवढंच म्हणाले मी. दोन शब्द. विचारही केला नाही. त्यानं दोन दिवसांत सगळी बटनं जगरहाटीसारखी खाली आणली आणि वरची भोकं सिमेंटनं बुजवली.

पेंटरनं रेघेकडे बोट दाखवून हे ठेवायचं का विचारलं. मी नको म्हणाले. पहिल्या हातानंतर ती गुलाबी दिसत होती, दुसऱ्या हातानंतरही. शेवटी प्रायमर मारून त्यानं ती गाडली. तो हसत होता, आणि मी उगाच ओढणीनं खिडकी पुसत होते.

मागच्या रविवारी हे कोंढ्याचे आले. त्याला भंडाऱ्यात नोकरी लागली आहे, ती पोटुशी आहे, सोबत चार वर्षांची मुलगी. मुलगी घरात शिरली आणि थेट स्वयंपाकघरातल्या बटनापाशी गेली. दिवा लावला, विझवला, लावला, विझवला. तिची आई कौतुकानं म्हणाली की भाड्याच्या खोलीत हिचा हात पुरत नाही, इथे कशी खुश झाली बघा. मी हसले. हसणंही जमलं मला.

मग त्यानं सरळ विचारलं, "नदी जवळच हाये जी. पाणी येते का इकडं?"

मी म्हणाले, "पूर मोठा असला तं गावात येते कधी कधी."

गावात! घरात नाही म्हणाले. शब्द कसा अचूक सापडला मला! ब्लाउजला बरोबर तेवढंच कापड पुरवावं तसा. राजूला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आपण कुठे खोटं बोललो, त्यानं विचारलं आणि तू सांगितलंस. राजू लहानपणी तुमच्या मांडीवर बसून पंचशील म्हणायचा. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की तुम्ही त्याच्या पाठीवर हलकी थाप द्यायचात, कारण त्याच दिवशी त्यानं काहीतरी लपवलेलं असायचं. माझ्या पाठीवर कधी दिली नाहीत. द्यायला हवी होती.

रविवारपासून माझं कशात लक्ष नाही. एका बाईच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्याच शिवल्या. पुलावरून येताना रिक्षातून वाकून पाणी बघते, आता कुठे उन्हाळा संपतोय तरी बघते. ती मुलगी डोळ्यांसमोरून हलत नाही. तिचे हात ओले असतील का, असा एक मूर्ख प्रश्न मशीनवर बसले की येतो. आज सकाळी शेवटचं झाडायला म्हणून इथे आले आणि राहवलं नाही, आईला फोन लावला. सगळं सांगून टाकलं. बटनं, रेघ, गावात येते वगैरे.

आईनं आधी विचारलं, स्वयंपाकघरातलं बटनही खाली घेतलं का. मी हो म्हणाले.

मग म्हणाली, "तुले वाटते तुहे बाबा सनकी होते. मागच्या गल्लीत शांता राहे. त्या पुराचं पाणी उतरल्यावर तिनं ओल्या भिंतीवरचं बटन दाबलं अन् जागीच गेली. ते बटन तुह्या बाबांनीच बसवलं होतं."

बाबा, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं! शांताकाकू पुरात गेली एवढंच ठाऊक होतं. मला वाटायचं बुडाली. आई म्हणाली, तुम्ही तिच्या घरून परत आलात आणि तीन दिवस जेवला नाहीत. चौथ्या दिवशी उठलात ते पक्कड घेऊन, आणि आधी आपल्या घरातले बोर्ड वर घेतलेत. मग गावात दारोदार जाऊन सांगितलंत की तुमचेही वर घेऊन देतो. लोकांनी हसून घालवलं. म्हणून ती रेघ. म्हणून दर दिवाळीला. आणि मी त्या रेघेवर तीन हात मारून घेतले!

मी आईला म्हणाले, हे सांगितलं तर तेही निघून जातील, मग तुझ्या पायऱ्यांचं काय? त्यावर तिनं जे म्हटलं ते तुम्हाला आवडेल. "माहे गुडघे माहे हायेत. त्यायच्या नावानं तू खोटं नोको बोलू." आणि तिनं फोन ठेवला. तुमच्या जागी तिनं पाठीवर थाप दिली.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आला, ऐकलं, आणि वैतागला. आत्ताच बुजवलं ना ताई, रंगाचा वाससुद्धा गेला नाही, असं म्हणत छिन्नी काढली. त्याला शांताकाकूचं सांगितलं तेव्हा मात्र स्वयंपाकघरातला बोर्ड आधी वर घेतो म्हणाला. रंगाखालच्या नव्या सिमेंटच्या उंचवट्यावरून जुनी जागा सापडली. बोर्डाची जागा मिळाली, पण रेघ? ती कुठे होती?

माझ्या गळ्यात टेप असतो, बाबा. गावभरच्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. आणि आपल्या घरातल्या त्या रेघेचं माप मी कधी घेतलं नव्हतं. एवढंच ठाऊक की बोर्डाच्या खाली एक वीत. भिंतीला वीत लावली, आणि लक्षात आलं की ही तर माझी वीत. तुमचा पंजा केवढा होता! माझ्या वितीनं रेघ ओढली असती तर पाणी खरं जिथपर्यंत आलं होतं, त्याच्या वर गेली असती. चुकीची रेघ असण्यापेक्षा रेघ नसलेली बरी.

पुन्हा आईला फोन. तुमची वीत केवढी होती ते मी भीतभीत विचारलं, तुला कसं आठवणार म्हणा. ती लगेच म्हणाली, "त्याईची वीत म्हंजे तुही वीत अन् वर दोन बोटं. मोजून पाह्यलं होतं आम्ही, लग्नाच्या नव्यानं." आणि लाजली असावी, कारण उगाचच विचारू लागली की मी जेवले का.

माझी वीत आणि दोन बोटं. गेरू दुकानातून आणला, तुमच्यासारखाच वाटीत कालवला. माझी रेघ तुमच्याइतकी सरळ आली नाही, मध्ये जरा लचकली आहे. नव्या पांढऱ्या भिंतीवर फारच लाल दिसते. इलेक्ट्रिशियन ओसरीत उभा राहून बघत होता. बाकीच्या खोल्यांचे बोर्ड तो आता वर घेतो आहे. ठोकण्याचा आवाज येतोय तो त्याचाच.

राजूला अजून सांगितलेलं नाही. तो चिडेल. बोलेल की तू हातचं घालवलंस. घालवलंही असेन. ते लोक रेघ बघून चहा न घेता उठले तर मी आईला वर चढताना मागून आधार देईन, आणि ती नाटक करेल. धीट झाले असं काही समजू नका.

पण तुम्हाला शब्द देते. उद्या ते दारात आले की प्यायला पाणी विचारायच्या आधी त्या बाईला स्वयंपाकघरात नेईन, रेघ दाखवीन आणि शांताकाकूचं सगळं सांगेन, तुमच्या बटनासकट. घर घ्यायचं की नाही ते मग ते ठरवतील. घेतलं तर एवढंच मागेन, की रेघेवर रंग मारू नका.

आणि ती मुलगी धावत बटनापाशी जाईल. हात पोचणार नाही. रडेल. तेव्हा मी तिला कडेवर घेईन, आणि आधी तिचा हात माझ्या ओढणीला पुसेन.

तुमची,
सुमी