कोरड्या कारंज्यातली भूमिती

जळगाव, १२ फेब्रुवारी १९८८

पाय ठणकताहेत. संध्याकाळी बागेत गेलो, ते कुसुमअक्कांच्या वर्गाची बातमी करायला. दहावी नापास मुलींना अक्का तिथल्या कोरड्या कारंज्यात बसवून भूमिती शिकवतात. कारंज्याचा गोल तळ हाच फळा. त्यावर खडूने त्रिज्या, स्पर्शिका.

मी पेन काढताच अक्का म्हणाल्या, "नाना, छापू नका. छापलं की नगराध्यक्ष शाल-नारळ घेऊन येतील, सत्कार करतील, आणि बाग छान दिसावी म्हणून आधी कारंजं सुरू करतील."

"मंग आम्ही बठ्ठ्या जणी कोठे बसूत?" एका मुलीने विचारलं. परीक्षा महिन्यावर आलेली.

"अक्का, माझा रकाना रिकामा राहील."

"केळी लिहा. तुमची केळी कधी संपतात?"

खरंच की. रावेरच्या केळीच्या ट्रकांवर चार ओळी खरडून पाठवल्या. संपादक कंटाळतील, त्यांना सवय आहे. प्राचीन गुरुकुलं इतकी टिकली ती बहुधा तिथे वार्ताहर नसत म्हणून.

झोपण्यापूर्वी खिसा चाचपला. 'बागेतले कारंजे बंद, नागरिकांत नाराजी' हा मजकूर तयार होता, उद्या टपालात टाकायचा. फाडला. नागरिक आणखी महिनाभर नाराज राहोत.