लांब चँटर

मंगळवार, संध्याकाळ

शेवटी लांब चँटरच घेतला. बॅगपाइपआधी बोटं तयार करायची ती पिशवी नसलेली नळी. आखूडवर बोटं लगेच बसत होती, लांबावर ताण पडतो. पण फौजी बँडमधून निवृत्त झालेले माझे गुरुजी म्हणाले, "आखूड सोपा, पण पाइपवर गेलात की पुन्हा पहिल्यापासून."

मग धीर करून डावा हात दाखवला. अंबडच्या कारखान्यात प्रेसखाली करंगळी गेली, तेव्हापासून तो खिशातच असतो. जमेल का मला?

"डावा हात वर धरायचा. वरच्या करंगळीला काहीच काम नसतं."

काहीच काम नसतं. आणि त्या करंगळीपायी मी इतकी वर्षं थांबलो?

घरी बायको म्हणाली, "शेजारी ऐकतील." ऐकू देत. खिडकी उघडी ठेवूनच वाजवला.