वीस हात दोरीचं वजन

बाबा, रविवारी एका नव्या मुलीने मला विचारलं, ही दोरी एक किलो आठशे पन्नासच का, पुस्तकात तर वेगळं दिलंय. ती मालवणात शाळेवर लागलेली शिक्षिका आहे, घाटावरची, तोंडाने तिखट. आमच्या खेळात तिचा तिसराच रविवार. मी म्हटलं, कारण ती माझ्या वडिलांनी जोखली आहे. बाकीचे चौघे हसले, त्यांना हे उत्तर पाठ झालंय. तिला वाटलं मी टिंगल करतेय. मग मी तिला पहिल्यापासून सांगत बसले आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं, की कोपऱ्यावरच्या दुकानदाराबद्दल बोलावं तशी मी तुमच्याबद्दल बोलतेय. आवाज जरासुद्धा हलला नाही. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. लोक म्हणायचे, आत दाबून ठेवलंस, कधीतरी बाहेर येईल. मी वाट बघितली. काही आलं नाही. म्हणून हे लिहून बघतेय. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं, डोकं ठिकाणावर आहे माझं.

खेळ आणला आतेभावाने, म्हापशाहून. मी आठवीत होते. इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स, मधली काही पानं गळालेली. भुयारं, राक्षस, जादूगार, आणि हे सगळं फक्त बोलून खेळायचं, टेबलाभोवती बसून. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. पण आधी प्रत्येकाने आपला माणूस घडवायचा. तीन फासे टाकायचे, बेरीज लिहायची, असं सहा वेळा. त्या सहा गुणांची इंग्रजी नावं तुम्हाला पटेनात, म्हणून आपण आपली ठेवली: ताकद, चपळाई, दम, अक्कल, शहाणपण आणि वट. मग त्या माणसाच्या पाठीवर सामान चढवायचं, त्याला झेपेल तेवढंच. आईने फासे बघितले आणि म्हणाली, "जुगार हाडलो घरात." तुम्ही चष्मा लावलात आणि सामानाच्या यादीचं पान वाचायला घेतलंत. राक्षसांची पंचवीस पानं होती, त्यांना हात नाही लावलात. दोनदा वाचलंत आणि विचारलंत, "ह्या वजन कोणी जोखल्यान?"

आतेभावाने पुस्तकाचं पहिलं पान उलटून बघितलं. त्याला कसं माहीत असणार. पण तुम्ही वजनमापे खात्यात निरीक्षक. ओरोसच्या क्वार्टर्समध्ये आपलं बिऱ्हाड, आणि बांद्याच्या बाजारापासून आचऱ्यापर्यंत दुकानदारांच्या तागड्या तपासत तुम्ही एस्टीने फिरायचात. कोणीतरी लिहिलं म्हणून दोरी एवढ्या वजनाची, हे तुम्हाला मानवणार कसं? पुढच्या रविवारी जेवणाचं टेबल पुसून तुम्ही त्यावर काटा मांडलात. सुंभाची दोरी, वीस हात. कंदील, तेलासकट. कोयता. घोंगडी. एका माणसाचे आठवड्याचे उकडे तांदूळ. प्रत्येक वस्तू दोनदा जोखायची, दोन्ही वेळा तोच आकडा आला तर मी तो लिहायचा. ताकद जेवढी तेवढे किलो उचलायचे, असा साधा हिशेब तुम्ही लावलात. आणि वर एक नियम केलात, की जी वस्तू आपण स्वतः जोखली नाही ती खेळात कोणाला मिळणार नाही.

त्या नियमापायी आपली माणसं दीड वर्ष चिलखताविना फिरली, बाबा. राक्षसासमोर कोयता आणि बिडाचा तवा घेऊन उभी. आतेभाऊ मे महिन्यात यायचा आणि कपाळाला हात लावून बसायचा. "मामा, तलवार तरी घेवया मरे." तुम्ही ती आणायला सांगायचात, "हाड नि दाखय." "खंयसून हाडू?" "मगे नको." शेवटी तुम्हीच कुडाळच्या लोहाराकडून माझ्या छातीच्या मापाचा पत्रा कापून आणलात. नऊ किलो चारशे. तो सुतळीने माझ्या अंगावर बांधलात आणि म्हणालात, "आता धाव." मी गॅलरीतून जिन्यापर्यंत गेले आणि पायरीवर बसले. शेजारच्या काकू दार उघडून बघत होत्या. "कळला मा?" तुम्ही म्हणालात. आई आतून म्हणाली, "बापूस नि चेडू, दोघांय खुळावली." हे रविवारी सांगितलं तेव्हा सगळे खूप हसले. मीही हसले. हसू येतं मला, तसं नाही.

फाशाचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. त्याच वर्षीचं ते. मी नवीन माणूस घडवत होते आणि दमाला पाच पडले होते. तुम्ही पाणी प्यायला उठलात, मी एक फासा फिरवून दोनाचा सहा केला. परत आलात, पानाकडे बघितलंत, फाशांकडे बघितलंत. ओरडला नाहीत. खोटं वजन सापडलं तरी दुकानदारावर तुम्ही आवाज चढवत नव्हतात, आणि म्हणूनच ते तुम्हाला टरकून असायचे. तुम्ही पान फाडलंत, कोरं पुढे सरकवलंत. "पयल्यापासून." मी रडकुंडीला येऊन म्हटलं, खेळच आहे ना हो. "म्हणानच सांगतंय," तुम्ही म्हणालात. "हंय तुका पकडूक कोण येवचो नाय. पडला ता पडला." मी सहाच्या सहा गुण पुन्हा टाकले. त्यानंतर गोष्ट चालवायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत आणि नियमांच्या बाबतीत मी तुमच्यापेक्षा कडक झाले. आतेभाऊ मला बाईसाहेब म्हणायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आता पोरं फोनवर माणूस घडवतात. दोन मिनिटांत तयार, ओझ्याची बेरीज फोनच करतो, आकडा नाही आवडला तर पुसून परत. मी काही म्हणत नाही. आमच्या टेबलावर मात्र फासे सगळ्यांसमोर टाकायचे, आणि यादी तुमचीच. नवी वस्तू कोणाला हवी असेल तर घेऊन यावी लागते. गेल्या महिन्यात एकजण खरंच डोलकाठीचा तुकडा रिक्षात घालून घेऊन आला.

तुमचं शेवटचं वर्ष. तुम्ही निवृत्त होऊन आचऱ्याच्या घरी आलेला होतात, मी नोकरीला कोल्हापुरात. तुम्हाला गोव्याला नेलं, तपासण्या झाल्या, परत आणलं. डॉक्टर तुमच्याशी बोलले, आईशी बोलले. मला फोनवर सांगितलंत, अशक्तपणा आसा, होतलो बरो. मी रजा काढून आले तेव्हा तुमचा सदरा खांद्यावरून घसरत होता. मी म्हटलं, काट्यावर उभे राहा बघू. तुम्ही तोंड फिरवलंत. आई म्हणाली, "आसांदे गो, कित्याक त्रास दितंस." मी विषय सोडला. मला सोडायचाच होता. त्या घरात आपण तिघंही एकमेकांना काही न सांगण्यात इतके पटाईत झालो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी, तुमची खाट पडवीत घातलेली, तुम्ही म्हणालात, "गो चेडवा, एक माणूस करूया." मी म्हटलं, तुमचा जुना आहे की, सगळ्यांचं सामान वाहणारा. "तो नको. नवो करूया." मी फासे आणले, पाट आणला, खाटेवर ठेवला. तुमच्या मुठीत तीन फासे धड राहत नव्हते. ताकद पहिली. एक, एक, दोन. चार. एवढ्या वर्षांत कोणाला चार पडलेले मी बघितले नव्हते. पेन्सिल खिडकीत होती म्हणून मी वळले. खिडकीचं काचेचं दार उघडं होतं आणि त्यात मागची खाट दिसत होती. तुमचं बोट फाशावर आलं. एक फासा फिरवायला तुम्हाला किती वेळ लागला, बाबा. एकाचा सहा केलात. आणि हात चटकन चादरीखाली घेतलात.

मी वळले आणि म्हणाले, "बाबा, पडला ता पडला."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "व्हय," म्हणालात. "पडला ता पडला." आणि स्वतःच्या हाताने तो फासा परत एकावर ठेवलात. मग बाकीचे गुण टाकलेत, ते ठीक होते, मला आठवतही नाहीत. मग सामान. चार किलो म्हणजे काहीच नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी तुम्ही तासभर यादी घेऊन बसलात. दोरी घेतलीत, खोडलीत. कंदील घेतलात, खोडलात. तांदळांवर पेन्सिल ठेवून म्हणालात, "नको, शिजयतलो कोण." शेवटी राहिली घोंगडी आणि पाण्याची बाटली. मी बेरीज केली आणि सांगितलं, अजून सातशे ग्रॅम बसतात. "रवांदे," तुम्ही म्हणालात, आणि डोळे मिटलेत. तो माणूस आपण खेळवलाच नाही. मी कोल्हापूरला परत गेले. नवव्या दिवशी फोन आला.

मी आले, सगळं केलं. बाराव्याला पंगतीत भात वाढत होते तेव्हा कोणीतरी मागे म्हणालं, पोरगी खमकी आहे हो. खमकी नव्हते. मला काही वाटतच नव्हतं. हाताला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. ते तसंच राहिलं. नोकरी बदलली, मालवणात आले, रविवारचा खेळ सुरू केला, माणसं जमली. चांगलं चाललंय.

पण रविवारी त्या मुलीने दोरीचं विचारलं आणि घरी आल्यावर मी स्वतःला विचारलं, मी तुम्हाला नियमासाठी अडवलं होतं का. नाही. नियमाचं मला त्या क्षणी काही पडलं नव्हतं. काचेत तुमचं बोट दिसलं आणि मला कळलं की तुम्ही जाणार. तुम्ही दोघांनी जे माझ्यापासून लपवलं होतं ते त्या बोटाने सांगितलं. आयुष्यात कधी माप न मारलेला माणूस फाशावरचे पाच ठिपके चोरत होता, तेही खेळातल्या माणसासाठी. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. मला न सांगितल्याचा राग. मला तुम्हाला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं, आणि कोणतं बोलणं लागेल ते मला माहीत होतं. बारा वर्षं मी तुमची शिस्त पाळली म्हणून स्वतःला चांगलं म्हणत आले. चाराऐवजी नऊ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मी नऊ लिहायला हवं होतं, बाबा.

हे पत्र वहीतच राहील. आई आचऱ्यालाच असते, शनिवारी मी जाते. त्या दुपारी ती आत चुलीपाशी होती, तिने नुसता फाशांचा आवाज ऐकला होता. मधूनच, भाजी निवडताना, ती विचारते, "त्या दिसा जिकलो कोण गो?" मी सांगते, बाबा जिंकले. ती मान हलवते, बरं वाटतं तिला. या खेळात कोणी जिंकत नसतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.