स्पर्शाशिवाय एकशे एकतीस अंश

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
१. काल आईच्या हातातून वरच्या फळीवरचा साखरेचा डबा पडला.
२. तिचा उजवा खांदा आखडला आहे. हात बाजूने वर नेला की ७८ अंशांवर अडतो. मी मोजला.
३. हाडांच्या डॉक्टरांनी दिवसातून दोनदा करायचे व्यायाम दिले आहेत. २४ तारखेपर्यंत हात १२० अंशांपर्यंत गेला नाही, तर भूल देऊन खांदा मोकळा करणार.
४. आईला भुलीची धास्ती आहे. तिचं म्हणणं, आपली आपण लागलेल्या झोपेतून माणूस उठतो. दुसऱ्याने लावलेल्या झोपेचा भरवसा नाही.
५. ती दोन महिन्यांपासून रेकीला जाते. तिथल्या मास्टरबाई वीस मिनिटं तिच्या खांद्यावर हात ठेवतात. व्यायामाचं नाव काढलं की आईचं डोकं दुखतं, पण रेकीला जायचं असलं की तासभर आधी चपला घालून बसलेली असते.
६. आईच्या मते गुण हाताचा आहे. पुरावा नाही.
निर्णय: रेकी मी शिकणार. घरीच देणार. हात न लावता. आईची भूल टळेल आणि मुद्दा ६ ही निकालात निघेल.

४ मार्च
माझं काम तापमापक तपासण्याचं. दिवसभर प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या उपकरणांच्या चुका शोधते. त्यामुळे हे काम माझ्याइतकं नीट दुसरं कोणी करील असं वाटत नाही.
मला स्पर्श आवडत नाही, असं आई सगळ्यांना सांगते. हे चूक आहे. मी फक्त अनावश्यक स्पर्श टाळते. आवश्यक असा अजून आढळलेला नाही.

९ मार्च, रविवार
दोन दिवसांचा पहिला वर्ग संपला. मास्टरबाई म्हणाल्या, हात अलगद अंगावर ठेवायचा. कोणाला नको असेल तर दोन बोटं वर धरला तरी चालतो. मी विचारलं, दोन बोटं आडवी की उभी. त्या म्हणाल्या, जरा मोकळी हो गं. हे उत्तर नव्हे. मी ४० मिलिमीटर लिहून घेतलं.
शेवटी प्रत्येकाने एकदा स्वतःवर रेकी घ्यायची होती. माझी त्वचा संवेदनशील आहे असं सांगून सूट मिळवली. खोटं नाही. सगळ्यांचीच असते, तेच तिचं काम आहे.

१० मार्च. संध्या. ७.३०
पहिलं सत्र. आई पलंगावर उताणी. तिच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे ढीग, वर आडवी फळी, फळीवर माझी कोपरं. अंतर ४० मिमी, कायम. आई म्हणाली, मला झाकण लावतेस का? मी म्हटलं, बोलू नकोस, अंतर बदलतं. पाच मिनिटांनी म्हणाली, अगं ठेव की हात, मी काय तापलेला तवा आहे?
नंतर मोजमाप. पॅसेजच्या भिंतीवर मोठा कोनमापक काढून चिकटवला आहे. आईने पाठ लावून उभं राहायचं, हात वर न्यायचा, बोटं दाखवतील तो अंश वाचायचा. रुग्णाला कुठेही हात लावावा लागत नाही. पद्धत सुटसुटीत आहे.
८४ अंश.

१२ मार्च
९३. आई मला बघून हसली. मीही, बहुधा.

१४ मार्च
१०४. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला आलेख दाखवला. त्याला आम्ही दशांश म्हणतो, कारण तो वेळही दशांशात सांगतो. त्याने विचारलं, मोजताना आईंना धरतं कोण? मी म्हटलं, धरायचं कशाला, त्या स्वतः उभ्या राहतात. तो म्हणाला, हं.
दशांशच्या हं ला मी किंमत देत नाही.

१७ मार्च
११२. व्यायाम थांबवले. रेकी आणि व्यायाम दोन्ही चालू राहिले, तर गुण कशाचा हे कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्राथमिक नियम आहे. आईने तत्काळ मान्य केलं. माझी कार्यपद्धती तिला आयुष्यात पहिल्यांदा पटली.

१९ मार्च
१२१. डॉक्टरांची रेषा ओलांडली. जेवताना आईला सगळा आलेख समजावून सांगितला, मग चुकांच्या मर्यादा, मग प्रयोगशाळेतल्या दोन गमती. आई म्हणाली, आज बरीच बोलतेस. मी म्हटलं, आकडे बोलतायत.
मास्टरबाईंना कळवलं की रेकीमध्ये स्पर्शाची भूमिका शून्य असल्याचं दिसून येत आहे. त्यांचं उत्तर आलं, छान, पण आईंना कसं वाटतंय?
ते मोजलेलं नाही.

२१ मार्च
१३१. आईला किंचित धाप लागली होती आणि डावी टाच उचललेली होती. नोंद: उत्साह.

२२ मार्च
आईने सकाळी विचारलं, केस विंचरून देतेस का, हात पोचत नाही. मी तिला आकृती काढून दाखवलं की १३१ अंशांत कंगवा सहज पोचतो. तिने आकृती पाहिली. बरं म्हणाली. केस तसेच राहिले.

२४ मार्च, सोमवार. दुपारी
डॉक्टरांनी आईच्या मागे उभं राहून डावा हात तिच्या पाठीच्या वरच्या हाडावर दाबून धरला आणि उजव्याने तिचा हात वर नेला.
८० अंश.
मी म्हटलं, पुन्हा मोजा. त्यांनी मोजलं. ८०. मी आलेख पुढे केला. त्यांनी तो नीट पाहिला, आणि विचारलं, हे हाड कोणी धरलं होतं? मी म्हटलं, कोणी नाही, स्पर्शाशिवाय मोजलंय. ते म्हणाले, अहो, हात ठेवला नाही तर अख्खं अंग कलतं आणि हात वर गेल्यासारखा दिसतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवतो आम्ही. मग त्यांनी आईकडे पाहिलं. आईने खिडकीकडे पाहिलं.
व्यायाम कधीपासून बंद, असं विचारलं. १७ तारखेपासून, असं सांगितलं. कोणी सांगितलं बंद करायला? मी, असं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. परवा भूल.

त्याच दिवशी. संध्याकाळी
आईला विचारलं, कलत होतीस? म्हणाली, पहिल्या दिवशी इतकीशीच. तुझा चेहरा असा उजळला, म्हटलं असू दे. मग तू रोज सातला घरी यायला लागलीस. जेवताना बोलायला लागलीस. मग काय, कलत गेले. शेवटी शेवटी पडते की काय असं व्हायचं गं.
मी म्हटलं, तुला भुलीची भीती होती ना? ती म्हणाली, होती की. अजून आहे.
मोजमापातल्या चुकीचं कारण: आई.
वरची ओळ खोडली.
मोजमापातल्या चुकीचं कारण: मोजणारी.

२६ मार्च, बुधवार. रुग्णालय, सकाळी ९.४०
आत नेताना आईने चादरीखालून डावा हात बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. मी त्यात फाइल दिली. सगळे अहवाल तारखेप्रमाणे लावलेले होते. नर्सने फाइल तिच्या हातातून काढून मला परत दिली आणि म्हणाली, याचं आत काही काम नाही. हात तसाच उघडा होता. मग दार लागलं.
चाळीस मिनिटं सांगितली आहेत.

१०.३५
पंचावन्न झाली.

१०.५०
आई शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणाले, हात १५० पर्यंत गेला. आईने जड जिभेने विचारलं, मी कलले नव्हते ना?
मी बाहेर जाऊन पाणी प्यायले. तीन ग्लास.

२७ मार्च, गुरुवार. घरी, संध्या. ६.००
व्यायाम आता दिवसातून चारदा. चुकले तर खांदा पुन्हा आखडेल. प्रत्येक वेळी मागून कोणीतरी ते हाड दाबून धरायचं आहे. आज रुग्णालयातल्या बाईंनी धरलं. उद्यापासून आपलं आपण.
आईने मला विचारलेलं नाही. तिने मास्टरबाईंना फोन केला. मला पॅसेजमधून ऐकू आलं. म्हणत होती, तुम्ही दोन वेळा तरी याल का? लेक आहे हो घरात, पण तिला नाही जमायचं. उगाच तिला अवघडल्यासारखं होईल. स्वभाव आहे एकेकाचा.
माझा स्वभाव नाही. मी फक्त अनावश्यक

६.२५
आईला तोंडी सांगायला दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेले. पहिल्यांदा विचारलं, औषध घेतलंस का. दुसऱ्यांदाही तेच विचारलं. ती म्हणाली, घेतलं, आत्ताच तर सांगितलं.
लिहून देणं अधिक स्पष्ट राहील. पहिल्या मसुद्यात कारणमीमांसा दीड पान झाली. दुसऱ्यात अटी होत्या. तिसरा तिच्या औषधांच्या डब्याखाली ठेवला आहे. नक्कल:

आई,
व्यायामाच्या वेळी मागचं हाड मी धरीन. चारही वेळा. कामावर सकाळी उशिरा जाईन, दुपारी घरी येईन, साहेबांना विचारलं आहे. माझे हात गार असतात. किती दाबायचं ते मला माहीत नाही, तुला सांगावं लागेल. चालेल की नाही ते उद्या, शुक्रवारी, सकाळी आठपर्यंत कळव.