बारक्याची मान आणि चार्जिंगचा बोर्ड

६ जानेवारी, अमळनेर
पुनमताईकडे दोन दिवसांसाठी आलो, आज अकरावा. तिचा बारक्या साडेतीन महिन्यांचा. मान उजव्या खांद्यावर कललेली, तोंड कायम डावीकडे. मालिशवाल्या बेबाअक्का म्हणतात, व्हई जाई नीट. मी म्हणालो, जळगावला दाखवू. माझं तिथे काम होतंच. कुठलं ते ठरायचं होतं.

८ जानेवारी
जळगाव. फिजिओच्या जिनल मॅडम म्हणाल्या, मानेचा उजवा स्नायू आखडलाय. नाव टॉर्टिकोलिस. वेळेत आणलंत, पण आळस केलात तर डोकंही एका बाजूने चपटं होईल. ताई तिथेच रडली. मान ताणायचा व्यायाम फक्त ताईने करायचा. जागा असताना पोटावर ठेवायचं. आणि सगळं उजवीकडून दाखवायचं, म्हणजे तो आपणहून वळेल. मी म्हणालो, हे डिपार्टमेंट माझं. ताई म्हणाली, तू आधी एका जागी बस.

९ जानेवारी
व्यायामाचा तक्ता, चार रंगांत. स्केचपेन आणायला गेलो, वाटेत क्रिकेटची मॅच होती. तक्ता उद्या.

१४ जानेवारी, दुपार
पोटावर ठेवला. चाळीस सेकंदांत किंचाळला. जबरदस्ती माझ्या स्वभावात नाही. खाटेवर पडून फिजिओच्या कोर्सचे व्हिडिओ पाहिले. बारावी सायन्स लागते म्हणे. सिस्टिमच खराब. बारक्या मात्र टक लावून माझ्याकडेच बघतो. विश्वास बसलाय त्याचा.

१९ जानेवारी
उजवीकडे बघतच नाही! ताई रडकुंडीला. बेबाअक्का मला म्हणे, "पोऱ्या तुनाच मोबाइल दखस रे!" बाईला सायन्स कळत नाही. माझी खाट त्याच्या डावीकडे, कारण चार्जिंगचा बोर्ड तिथे. बोर्ड मी बसवला का? खरं कारण, घरात चांगला खुळखुळा नाही.

२२ जानेवारी
खुळखुळा आणायला धुळ्याला. माझा मित्र मगन म्हणतो तिथे व्हरायटी आहे. संध्याकाळी परत.

३ फेब्रुवारी
परत. मगनची गाडी शिरपूरला बंद पडली, पुढचं लांबलचक आहे. खुळखुळा घेतला होता. एसटीत राहिला.

९ फेब्रुवारी
जळगाव. मॅडमनी मान किती वळते ते मोजलं. बरीच मोकळी झालीय, उजवीकडे वळायला लागलाय. मी म्हणालो, सातत्य ठेवलं मॅडम. त्यांनी ताईला विचारलं, घरात काय बदललं? ताई म्हणाली, व्यायाम तेच. मधे बारा दिवस हा धुळ्याला होता. मॅडम म्हणाल्या, एरवी हा कुठे असतो? ताईने डावा हात लांब केला.
मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. अजून दोन महिने व्यायाम आहे. फाइलमध्ये घरच्या सूचनांत लिहिलं: मामाला उजवीकडे बसवणे. उजवीकडे ठेवायच्या वस्तूंच्या यादीत वर खेळणी, खाली मामा.

१० फेब्रुवारी, सकाळी ११
खाट उजवीकडे. बारक्याने आधी डावीकडे शोधलं. मग मान वळवली. अर्धी. अजून थोडी. हसला.
मोबाइल चार टक्के. बोर्ड तिकडेच. उठलो की हा परत तिकडे बघणार.
मोबाइल बंद पडला. बसलोय.