चार टनांच्या तिजोरीत मामा

मार्लो फोर्क्स, ओहायो
गुरुवार, २३ मे १८७८

तीर्थरूप लायसँडर मामांस, तिजोरीच्या हवेच्या भोकापाशी उभी राहून थर्झाचा सा. न. वि. वि.

घडले ते असे:

१. सोमवारी, १३ तारखेला, तुम्ही कचेरीसमोरच्या हिरवळीवर आपल्या कारखान्याच्या नव्या तिजोरीत शिरलात. सात दिवसांत ती कोणी उघडून दाखवावी, अशी पैज होती.
२. कोणाला उघडता आली नाही. पैज जिंकली.
३. तुम्हीच लिहिलेल्या अटींत सतरावे कलम आहे. दार उघडण्याच्या हुकमावर कारखान्याच्या अध्यक्षांनी दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी. अध्यक्ष तुम्ही. आत साक्षीदारांना जागा नाही.
४. आज अकरावा दिवस.

कुलुपाचे अंक फक्त तुम्हाला ठाऊक आहेत. पलीकडच्या प्रतिस्पर्धी कारखान्याचे श्री. स्ट्राउड अटींची प्रत मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेले असतात. कलम मोडलं की पैज हरलात, असे ते रोज टोपी काढून सांगतात.

मामी बऱ्या आहेत. भोक दीड इंचाचे असल्याने त्या पाव कांडीसारखा लांबट भाजतात. बावीस वर्षं यांना म्हणतेय एका जागी बसा, आता बसलेत तर उठवू नका, असे त्यांनी पाद्रीबुवांना सांगितले.

मला काळजी ३० तारखेची आहे. त्या दिवशी टेकडीवरच्या दफनभूमीत तुमच्या पलटणीच्या, युद्धात पडलेल्या एकोणीस जणांची नावे दरवर्षी तुम्हीच वाचता. श्रीमती रूक यांनी कळवले आहे की त्या तेव्हा एकच प्रश्न विचारणार आहेत. माघारीचा हुकूम अकरा वाजता आला होता, मग त्यांच्या मुलाला, एनॉसला, बारा वाजता पलटणीने सोडलेल्या गिरणीकडे परत का पाठवले? हे त्यांनी मामींना ११ तारखेला सांगितले. तुम्ही १३ तारखेला आत गेलात. मी फक्त तारखा लिहिते.

लोभ भोकातून मावेल तेवढा असावा.

थर्झा


मुक्काम तिजोरी
शुक्रवार, २४ मे

चि. थर्झा हिस कर्नल मामाचे आशीर्वाद.

पाव मिळाला. काकड्यांचे लोणचे उत्तम. मामीला सांग, बावीस वर्षांत असे पहिल्यांदाच जमले.

३० तारखेची व्यवस्था केली आहे. तिजोरीच बैलगाडीवर घालून टेकडीवर न्यावी. नावे मी भोकातून वाचीन. यात कलम सतराचा भंग होत नाही. कॉर्पोरल हॅस्केलने चाळीस जुने शिपाई दोरांसकट जमवले आहेत. लढाईत कर्नलसाहेब कायम मागे असायचे, आता ओढून पुढे नेतो, असे तो बाहेर मोठ्याने बोलला. मला सगळे ऐकू येते.

श्रीमती रूक यांचा प्रश्न अप्रस्तुत आहे. प्रश्न साक्षीदाराला विचारायचा असतो, आणि साक्षीदार लोखंडात आहे.

हे कोणाला दाखवू नकोस. माझी कायद्याची पुस्तके गिरणीत राहिली होती. मी म्हणालो, एनॉस, पेटी तेवढी घेऊन ये. तो हो साहेब म्हणाला आणि गेला. युद्ध संपल्यावर मी तिजोऱ्यांचा कारखाना काढला. कागदांसाठी कोणाला परत पाठवावे लागू नये, एवढेच मनात होते. धंदा चांगला चालला, हा माझा दोष नव्हे.

लोणचे आणखी पाठवावे. ममता आहे तशी ठेव.

तुझा मामा,
लायसँडर प्रूएट


मार्लो फोर्क्स
सोमवार, २७ मे

ती. मामांस थर्झाचा नमस्कार, वि. वि.

पत्र मी कोणाला दाखवले नाही, चुलीत घातले.

टेकडीच्या वाटेवरचा पूल मोजून आले. तो तीन टन पेलतो. तिजोरी चार टन आणि दोनशे पौंड, त्यात तुम्ही, गाडी, सोळा बैल आणि चाळीस शिपाई. हिशेब हॅस्केलना दाखवला. तेव्हा पुलाला कळणार कसं की तीनच झेपतात, असे ते म्हणाले. दोर बांधून झाले आहेत. गुरुवारी सकाळी सातला निघायचे ठरले आहे आणि ते कोणाचे ऐकत नाहीत. तुमची आज्ञा आहे म्हणतात.

लोणचे मामींचे नव्हे, श्रीमती रूक यांचे आहे. त्या रोज दहा वाजता येऊन श्री. स्ट्राउड यांच्या शेजारी बसतात. तुम्ही जेवता का, एवढे मला विचारतात. काल मी त्यांना विचारले, उत्तर भोकातून मिळालं तर चालेल का? त्या म्हणाल्या, पंधरा वर्षं थांबलेय बाई, लोखंडाशी बोलायला नव्हे. मग त्यांनी काकड्या कांडीसारख्या कापल्या.

या पत्राच्या गुंडाळीत स्क्रू काढायचा पेचकस आहे. कारखान्यात या कुलुपाचा नकाशा मी काढला, म्हणून सांगते. दाराच्या आतल्या अंगाला, कडीच्या खाली, दोन स्क्रू आहेत. दोन्ही डावीकडे फिरतात. ते निघाले की कडी हाताने सरकते. चार मिनिटांचे काम आहे. कलम सतरा बाहेरून दार उघडण्याविषयी आहे. आतून बाहेर येण्याविषयी तुम्ही एक अक्षर लिहिलेले नाही. मी अटी तीनदा वाचल्या, श्री. स्ट्राउड यांनाही वाचायला लावल्या. वाचून झाल्यावर त्यांनी टोपी घातली.

श्रीमती रूक यांच्याशी काय बोलावे हे मी सांगणार नाही. ते तुम्ही मला लिहिले तेवढेच आहे, आणि ते दोन वाक्यांत मावते.

बुधवारी, २९ तारखेला, दुपारी बारापर्यंत उत्तर द्यावे. ते कागदावरच हवे असे नाही.

तुमची भाची,
थर्झा